लॅटिनच्या वर्गांतील कृत्रिम उत्खनन

परदेशांतील शाळांत लॅटिन भाषा कशी शिकवितात, याची चर्चा या त्रैमासिकांत कशास हवी, असा आक्षेप कित्येक वाचक घेतील. व सकृद्दर्शनीं तो खराहि वाटेल. परंतु ज्या अध्यापनपद्धतीविषयीं पुढें लिहावयाचें आहे, तिचा संबंध भाषेइतकाच पुराव्याशीं आहे. शाळेच्या आवारांत अथवा लांकडी पेटींत मातीचे थर रचावयाचे. त्यांत रोमन वस्तूंच्या व लेखांच्या प्रतिकृति पुरावयाच्या. त्या मुलांकडून रीतसर उकरून घ्यावयाच्या. आणि त्यांवरील लॅटिन वाचतां वाचतां रोमन लोकांचा आचार, व्यवहार व धर्म यांचा परिचय करून द्यावयाचा, अशी ही पद्धति आहे. तिला आपण कृत्रिम उत्खनन म्हणूं. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. लॅटिनची ओळख व्याकरणाच्या तुलनेपुरती, तीहि उतारवयांत झाली. तथापि पोथ्या, ताम्रपट व नाणीं जमविणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींस या खेळाकडे पाहून एक प्रश्न स्वतःस विचारावा लागतो. वस्तु जेथें सांपडली ती जागा हा त्या वस्तूवरील लेखाचाच एक भाग आहे कीं नाहीं?

प्रथम या पद्धतीचा उगम कसा झाला तें पाहूं. इंग्लंडांत ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांनीं १९६० सालीं प्रवेशासाठीं असलेली लॅटिनची सक्ति काढून टाकण्याचें ठरविलें. ज्या विषयास सक्तीचा आधार होता तो एकाएकीं निराधार झाला. अमेरिकेंतील सरकारी माध्यमिक शाळांत १९६२ सालीं लॅटिन शिकणारे विद्यार्थी सुमारें ७ लक्ष होते. १९७६ सालीं ते सुमारें दीड लक्ष उरले. आपल्याकडे संस्कृताच्या शिक्षकांस असल्या आंकड्यांचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. विभक्तीचीं कोष्टकें घोकून घेणारा शिक्षक आतां वर्गांत एकटाच उरणार, हें दिसूं लागतांच लोक नवे मार्ग शोधूं लागले. केंब्रिज येथें १९६६ सालीं अभिजात भाषांच्या शालेय अध्यापनाचा एक प्रकल्प सुरू झाला व १९७० पासून त्याचीं पाठ्यपुस्तकें निघालीं. त्यांतील पहिल्या भागाचा नायक सीझर नव्हे कीं सिसेरो नव्हे. तो पाँपेई नगरींतील लुकिउस कायकिलिउस युकुंदुस नांवाचा एक सावकार आहे. हा मनुष्य कल्पित नाहीं. त्याचें घर सांपडलेलें आहे, आणि १८७५ सालीं त्याच घरांत दीडशेंहून अधिक मेणपाट्या जळून कोळसा झालेल्या स्थितींत मिळाल्या. लिलांवांत विकलेल्या मालाच्या पैशांच्या त्या पावत्या आहेत. आपल्याकडील पेढीच्या जुन्या रोजकीर्दी ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस या पाट्यांचें मोल सहज कळेल. अशा रीतीनें जमिनींतून निघालेला मनुष्य पाठ्यपुस्तकांत येऊन बसला. मग जमीनच वर्गांत आणण्यास फारसा विलंब लागावयाचा नव्हता.

१९६९ सालीं अमेरिकेंत 'डिग' या नांवाचा एक वर्गखेळ प्रसिद्ध झाला. वर्गाचे दोन तट करावयाचे. प्रत्येकानें एक कल्पित संस्कृति रचावयाची, तिच्या वस्तु तयार करून पुरावयाच्या. नंतर दोघांनीं परस्परांचा खड्डा उकरून नष्ट संस्कृतीचा अर्थ लावावयाचा. खेळ मोठा चतुर आहे. परंतु कल्पित संस्कृतीचा अर्थ चुकला तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, व पुरणाऱ्यानें 'बरोबर' म्हटलें कीं तें बरोबर ठरतें. लॅटिनच्या शिक्षकांनीं त्याच खेळांत खरी भाषा व खरे लोक घातले, तेव्हां त्यास निराळें वजन आलें. खापरावरील तीन अक्षरांचा अर्थ शिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाहीं. तो कोशांत व व्याकरणांत पाहावा लागला.

खड्डा कसा रचावा याविषयीं थोडें तपशिलानें लिहितों, कारण सर्व गुणदोष तेथेंच आहेत. दोन मीटर लांब व तितकीच रुंद जागा पुरे होते. तळाशीं चिकणमाती, तिजवर राखेचा पातळ थर, त्यावर विटांचा व चुन्याचा ढिगारा, आणि सर्वांवर वाळू, असे रंगानें ओळखूं येणारे थर घालावे. खुंट्या व दोऱ्यांनीं चौकटी आंखाव्या. मुलांनीं खुरपें व कुंचला घेऊन एक एक थर सोलून काढावा. वस्तु दिसतांच ती न हलवितां तिची चौकट, थर व खोली वहींत टिपावी, आकृति काढावी, आणि मगच ती उचलावी. आतां समजा, राखेच्या थरांत एक नाणें आलें व त्यावर सम्राट व्हेस्पासिअनचें नांव आणि 'सी ओ एस्' हीं अक्षरें व पुढें तीनचा आंकडा आहे. 'सी ओ एस्' हा कॉन्सुल या शब्दाचा संक्षेप. त्यांतील नकार गळालेला आहे, कारण जुन्या उच्चारांत तो जवळजवळ ऐकूंच येत नसे. व्हेस्पासिअनचें तिसरें कॉन्सुलपद इ. स. ७१ चें. म्हणजे हा थर ७१ च्या पूर्वीचा नव्हे. तो ७१ चाच आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं, कारण नाणें पन्नास वर्षेंहि हातोहात फिरूं शकतें. एवढा एक विवेक मुलास नाण्याच्या चित्रावरून शिकवूं गेल्यास महिना लागतो. खड्ड्यांत तो एका दुपारीं कळतो.

चांगला शिक्षक खड्ड्यांत एक लबाडीहि करून ठेवतो. वरच्या थरांतून खालच्या थरांत उतरणारें उंदराचें बीळ तो आधींच करून त्यांत उत्तरकालीन नाणें टाकतो. जें मूल बिळाच्या मातीचा वेगळा रंग वहींत टिपतें तें वांचतें. जें घाईनें नाणें उचलतें तें सगळा थर दीडशें वर्षें अलीकडे ओढतें. आणि तो खड्डा पुनः उकरून पाहण्याची सोय नसते. पोथीचें पान चुकीचें वाचलें तर उद्यां पुनः वाचतां येतें; थर एकदां उकरला कीं त्याची उरलेली एकच प्रत म्हणजे ती वही.

आतां भाषेकडे वळूं. भाषा शिकविण्याच्या नांवाखालीं मुलांना मातींत खेळवावयाचें, हा या पद्धतीवरील मुख्य आरोप आहे, व पुष्कळ ठिकाणीं तो खराहि असावा. पंधरा मडक्यांचे तुकडे व एक लांकडी तरवार पुरल्यानें कोणास लॅटिन येत नाहीं. परंतु लेखच पुरले तर गोष्ट निराळी होते. रोमन थडग्यावरील साधा मजकूर घ्या. आरंभीं 'डी एम्' हीं दोन अक्षरें, म्हणजे 'डिस् मानिबुस्', पितृदेवतांना. हें चतुर्थीचें बहुवचन आहे. 'मानिबुस्' मधील 'बुस्' व आपल्या 'पितृभ्यः' मधील 'भ्यः' हे सजातीय प्रत्यय होत. अर्थहि योगायोगानें तोच आहे. पुढें मृताचें नांव, 'विक्सित्' म्हणजे जगला, व वर्षांचा आंकडा. शेवटीं बहुधा 'एस् टी टी एल्' अशीं चार अक्षरें: 'सित् तिबि तेर्रा लेविस्', तुला माती हलकी होवो. संस्कृतज्ञ वाचकांनीं या चार शब्दांपाशीं क्षणभर थांबावें. 'सित्' म्हणजे आपलें 'स्यात्', 'तिबि' म्हणजे 'तुभ्यम्', 'लेविस्' म्हणजे 'लघु'; आणि 'तेर्रा' चें मूळ 'कोरडी' या अर्थीं असून तें 'तृष्' धातूच्या कुळांतील आहे. चारहि शब्द ओळखीचे निघतात. विध्यर्थ, चतुर्थी, प्रथमा व विशेषण एवढें व्याकरण चार अक्षरांत सामावलेलें आहे, व तें मूल स्वतःच्या हातानें माती झाडून काढतें. कोष्टकांचा पुरस्कार आम्ही जन्मभर केला व अजूनहि करतों. पण घोकलेली चतुर्थी व मातींतून वर आलेली चतुर्थी यांच्या स्मरणांत अंतर आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

याहून मोलाची शिस्त वाचनानंतर येते. दगड फुटलेला असतो, अक्षरें झिजलेलीं असतात. काय दिसलें व काय कल्पिलें हें वेगळें दाखविण्यासाठीं १९३१ सालीं लायडेन येथें कांहीं खुणा ठरल्या. ग्रीक व लॅटिन लेखांच्या संपादनांत त्या आजहि पाळल्या जातात. नष्ट झालेलीं पण संपादकानें भरून काढलेलीं अक्षरें चौकोनी कंसांत. संक्षेपाचा विस्तार वाटोळ्या कंसांत. संशयित अक्षराखालीं बिंदु. आणि मुद्दाम खोडून टाकलेला मजकूर दुहेरी चौकोनी कंसांत. शेवटली खूण विनाकारण नाहीं. डोमिशिअन सम्राटाचा इ. स. ९६ त वध झाल्यावर सेनेटच्या ठरावानें त्याचें नांव ठिकठिकाणच्या लेखांतून छिन्नीनें खोडलें गेलें. बारा वर्षांचें मूल जेव्हां आपल्या कल्पनेभोंवतीं स्वतः होऊन कंस घालतें, तेव्हां तें संपादक होऊं लागलें असें समजावें. आपल्याकडे छापलेल्या किती बखरींत व किती पत्रांत ही खूण सांपडते, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

जागा हा लेखाचा भाग आहे कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर लॅटिनच्या अगदीं आरंभींच्या दोन लेखांत आहे. पहिला लेख प्रेनेस्ते येथील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका सोन्याच्या वस्त्रसूचीवर आहे. वोल्फगांग हेल्बिग या जर्मन पंडितानें ती ७ जानेवारी १८८७ रोजीं रोममध्यें विद्वानांपुढें ठेविली. तिजवर उजवीकडून डावीकडे चारच शब्द आहेत: 'मानिओस् मेद् फेफाकेद् नुमासिओइ', मानिउसनें मला नुमेरिउसकरितां केलें. भाषाशास्त्रज्ञांस हा ठेवाच मिळाला. 'फेफाकेद्' मध्यें धातूचा अभ्यास झालेला दिसतो, जसा आपल्या 'दधौ' मध्यें. आणि लॅटिन 'फाकिओ' व संस्कृत 'धा' यांचें मूळ एकच मानलें जातें. 'नुमासिओइ' ही चतुर्थी 'आय' प्रत्ययाच्या शेजारीं बसते, व दोन स्वरांमधील सकाराचा रेफ होण्यापूर्वींची स्थिति तींत दिसते. इ. स. पू. सातव्या शतकांतील हें लॅटिन म्हणून पुस्तकांत तिला पहिलें पान मिळालें.

परंतु ही सूची कोणत्या थडग्यांतून, कोणाच्या देखत, कोणत्या वस्तूंबरोबर निघाली याची विश्वसनीय नोंद नव्हती. ती बाजारांतून आली होती. तेवढ्यावरून संशय सुरू झाला. आणि १९८० सालीं मार्गेरिता ग्वार्दुच्ची या विदुषीनें ती एकोणिसाव्या शतकांतील बनावट आहे, असें सविस्तर प्रतिपादन केलें. ज्यांनीं जुन्या लॅटिनचें व्याकरण तिच्या आधारें लिहिलें होतें त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पुढें सोन्याच्या पृष्ठभागाची सूक्ष्मदर्शकानें व भौतिक साधनांनीं तपासणी होऊन २०११ सालीं ती वस्तु व तिजवरील लेख हीं दोन्ही प्राचीन असल्याचा निष्कर्ष जाहीर झाला. म्हणजे चार शब्दांचा खरेपणा ठरविण्यांत विद्वानांच्या कित्येक पिढ्या गेल्या. व त्या वेळीं खणणाऱ्या मजुराजवळ एक वही असती तर यांतलें कांहींच घडलें नसतें.

दुसरा लेख याच्या अगदीं उलट. जाकोमो बोनी यानें १८९९ सालीं रोमच्या प्राचीन चौकांत काळ्या फरशीचा एक भाग उघडा केला. त्याखालीं एक मोडका दगडी खांब होता, व त्याच्या सर्व बाजूंवर अक्षरें होतीं. ओळी गोमूत्रिकेप्रमाणें एकदां इकडून तिकडे व एकदां तिकडून इकडे जातात. येर्रगुडी येथील अशोकाच्या लघुलेखांतील कांहीं ओळी ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस ही गति परिचित आहे. वरचा भाग तुटून गेलेला असल्यामुळें एकहि वाक्य पूर्ण लागत नाहीं. 'रेकेइ', म्हणजे राजाला, हा शब्द मात्र स्पष्ट आहे. आपल्या 'सम्राजे' मधील चतुर्थीच ती. अर्थाविषयीं पंडितांत एकमत नाहीं. परंतु लेख खरा आहे कीं खोटा, हा प्रश्न कोणी गंभीरपणें काढलेला नाहीं, कारण थर, फरशी व खांबाभोंवतीं वाहिलेल्या वस्तु हे त्याचे साक्षीदार जागच्या जागीं उभे होते. एक लेख संपूर्ण वाचतां आला व संशयांत राहिला. दुसरा वाचतांच आला नाहीं व निःसंशय राहिला. वर्गांतील खड्ड्यासाठीं याहून चांगली जोडी मिळणार नाहीं. एक लेख थरांत पुरावा, दुसरा शिक्षकानें 'बाजारांत मिळाला' म्हणून हातांत द्यावा, आणि मुलांस दोहोंविषयीं निवाडा लिहावयास सांगावें.

मोठ्या अक्षरांवर लगेच विश्वास ठेवूं नये, हेंहि अशाच रीतीनें शिकवितां येतें. रोममधील पँथिऑनच्या दर्शनी भागावर तिसऱ्या वेळीं कॉन्सुल असतां मार्कुस अग्रिप्पा यानें हें बांधलें, असें हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलें आहे, म्हणजे इ. स. पू. २७. लोक तेंच खरें धरून चालत. १८९२ च्या सुमारास शेदान नामक फ्रेंच वास्तुकारानें भिंतीच्या पोटांतील विटांवरचे ठसे तपासले, तेव्हां उभी असलेली इमारत ट्रेजनच्या अखेरच्या व हेड्रिअनच्या काळांतली ठरली. अग्रिप्पाची मूळ इमारत जाऊन तिचा लेख तेवढा मागें राहिला होता.

आपल्या देशाचा कालानुक्रम लावण्यांतहि लॅटिनच्या अशाच चार अक्षरांचा हात आहे. मॉर्टिमर व्हीलर यानें १९४५ सालीं पुदुच्चेरीजवळ अरिकमेडु येथें उत्खनन केलें. तेथें इटलींतील अर्रेत्सो नगराच्या तांबड्या चकचकीत भांड्यांचे तुकडे निघाले. कांहींवर 'व्हिबि', 'कामुरि', 'इत्ता' असे कुंभारशाळांचे ठसे होते. हीं भांडीं इ. स. च्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धांतलीं हें इटलींत ठरलेलें होतें. त्यामुळें त्याच थरांतील देशी भांड्यांस प्रथमच पक्का काळ मिळाला, आणि त्याच आधारें १९४७ सालीं कर्नाटकांतील ब्रह्मगिरीचे थर लावतां आले. १९८९ ते १९९२ च्या दरम्यान अरिकमेडु येथें पुनः काम होऊन व्हीलरच्या कांहीं तारखा मागें नेण्यांत आल्या. पण थरांची नोंद होती म्हणूनच ती दुरुस्ति शक्य झाली. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडांत मिळालेली पोसायडनची ब्राँझ मूर्ति पुष्कळांनीं पाहिली असेल. तीविषयीं बोलतांना आपण आज ज्या थरांचा आधार घेतों तो १९४५-४६ सालच्या सांकळिया व दीक्षित यांच्या उत्खननांतून आलेला आहे; नुसत्या मूर्तीच्या सौंदर्यांतून तो मिळाला नसता.

या पद्धतीचे दोन धोके सांगितले पाहिजेत. पहिला हा कीं, मुलांस पुरलेलें धन शोधण्याची गोडी लागते. खड्ड्यांत सोनेरी रंगाचें नाणें टाकलें कीं दुसऱ्या कशाकडे कोणी पाहत नाहीं. म्हणून जाणते शिक्षक मौल्यवान दिसणारी वस्तु घालीतच नाहींत. खापरें, खिळे, हाडें, दिव्याचा तुकडा, लीजनचा ठसा असलेलें कौल हींच घालतात, व गुण वस्तूला न देतां टिपणाला देतात. ज्या शाळांत सर्वांत सुंदर वस्तु काढणाऱ्यास बक्षीस मिळतें तेथें हा खेळ बंद करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. तीच वृत्ति मोठेपणीं रुमाल फेकून पोथी घेते. दप्तरांतील कागदांचा मूळ अनुक्रम मोडून त्यांतील मोहोर असलेलें तेवढें पत्र विकत घेणें, शेवटचें पुष्पिकेचें पान चित्रासाठीं वेगळें काढणें, पोथी कोणत्या घराण्यांतून आली हें विक्रेत्यास न विचारणें किंवा विचारून न लिहिणें, या गोष्टी कित्येक नामांकित संग्राहक करतात व त्यास संशोधन म्हणवितात. अशी पोथी म्हणजे प्रेनेस्तेची सूचीच होय. फरक इतकाच कीं तिच्यासाठीं कोणी सूक्ष्मदर्शक आणणार नाहीं.

दुसरा धोका प्रतिकृतींचा. आज वर्गासाठीं भाजलेलें कौल पन्नास वर्षांनीं कोणा अडगळीच्या दुकानांत निघेल, व त्यावरील लीजनचें नांव वाचून कोणी त्यावर निबंध लिहील. यास उपाय सोपा आहे. माती ओली असतांनाच प्रत्येक प्रतिकृतीच्या पाठीवर शाळेचें नांव व चालू वर्ष कोरावें. शाईनें लिहूं नये, शाई जाते. मुलांना तें खणतांना दिसतें व गंमत जाते, अशी तक्रार ऐकूं येते; ती ऐकून सोडून द्यावी.

अखेर परीक्षेविषयीं. वर्षाच्या शेवटीं लॅटिनचा पेपर घ्यावयाचा तो घ्यावाच. परंतु त्याखेरीज एक परीक्षा ज्यांनीं हा प्रयोग करावयाचा त्यांनीं अवश्य घ्यावी. सर्व वस्तु काढून घेऊन पेटींत बंद कराव्या, व पहिल्या तुकडीची वही तेवढी दुसऱ्या तुकडीच्या हातीं द्यावी. दुसऱ्या तुकडीनें केवळ वहीवरून खड्ड्याचा नकाशा काढावा, थर रंगवावे, प्रत्येक लेख आपल्या जागीं कंसांसह लिहावा, आणि जेथें वही गप्प राहते तेथें प्रश्नचिन्ह मांडावें. मग पेटी उघडून ताडून पाहावें. प्रश्नचिन्हांची संख्या हेच पहिल्या तुकडीचे उणे गुण.